गच्चीवरून ‘टेक’ गेला

“लिही,” लोटनभाऊ म्हणाले. “उंची सहा फूट.”

मी लिहिलं. लोटनभाऊंची उंची पाच फूट चार इंच आहे, पण बोलताना ते स्टुलावर उभे होते, त्यामुळे चूक फार मोठी नव्हती.

“नजर घारीची. बुद्धी विजेची.”

“दीपनगरच्या विजेची की आपल्या गल्लीतल्या?” मी विचारलं. प्रश्न रास्त होता. दीपनगरला वीज तयार होते. जळगावातल्या आमच्या मेहरूणला ती पाहुणीसारखी येते आणि चहा व्हायच्या आत जाते.

“खानदेशातला एकमेव शास्त्रशुद्ध खासगी गुप्तहेर,” ते माझ्याकडे दुर्लक्ष करून पुढे म्हणाले. “साक्रीपासून रावेरपर्यंतचे गुन्हेगार ज्याचं नाव ऐकून थरथरतात.”

या थरथरणाऱ्यांपैकी एकही आजवर आमच्या हाती लागलेला नाही. नाव ऐकून थरथरणारा माणूस पळून जाणारच, असं लोटनभाऊ म्हणतात आणि मी ते पटवून घेतो. घ्यावंच लागतं. ते माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी भिकन, त्यांच्याकडे राहतो, त्यांच्याकडे जेवतो आणि त्यांच्या सायकलच्या दुकानात बसतो. दुकानाच्या पाटीवर वरच्या ओळीत ‘सायकली तासावर भाड्याने मिळतील’ आणि खालच्या ओळीत ‘गुप्त चौकशा केल्या जातील’ असं लिहिलंय. लोक वरची ओळ वाचून येतात. खालची वाचून जे आले, ते आमचीच भाड्याची सायकल चोरीला गेल्याचं सांगायला आले.

पाटीऐवजी आता हँडबिल छापायचं असं अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात दाजींनी ठरवलं आणि रविवारी सकाळी मजकूर सांगायला घेतला. तो सहा फुटांच्या पुढे फारसा गेला नाही, कारण तेवढ्यात जिन्यावरून सुनंदाबाई खाली आल्या. चेहरा पार उतरलेला होता.

“लोटनभाऊ,” त्या म्हणाल्या, “माझा टेक गेला.”

दाजींना आनंद झाला. मग वाईट वाटल्याचा चेहरा करायला त्यांना थोडा वेळ लागला.

सुनंदाबाई आमच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहायच्या. मूळच्या साक्रीच्या. जळगावातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या. शाळा त्यांना दर जूनला घ्यायची आणि दर एप्रिलला काढायची. सुट्टीत शिक्षक पोसायला नकोत म्हणून काढलेली ही युक्ती. ज्या थोर माणसाला ती पहिल्यांदा सुचली, त्याचा फोटो शाळेच्या कचेरीत हार घालून लावलेला असेल. एप्रिलात पत्र यायचं की आपली सेवा संपली. जूनमध्ये शिपाई यायचा की बाई, बोलावलंय. बाई पुन्हा जायच्या. त्या हे सगळं हसून सांगायच्या, पण असं हसणं मला बघवायचं नाही.

यंदा मात्र दीपनगरच्या वसाहतीत निघालेल्या एका नव्या शाळेने त्यांना बोलावलं होतं. सोमवारी सकाळी समितीपुढे मुलांना शिकवून दाखवायचं. पाठ पसंत पडला तर कायमची नोकरी. नाही पडला तर पुन्हा शिपायाची वाट बघणं, आणि तेही आता जमणार नव्हतं. साक्रीहून भावाने कळवलं होतं की या खेपेला काही झालं नाही तर खोली सोड आणि घरी ये, पुष्कळ झाली नोकरी.

या पाठासाठी बाईंनी ‘टेक’ हे क्रियापद निवडलं होतं. मांजरपाटाचा भलामोठा तुकडा आणून त्यावर त्याचे सगळे उपयोग त्यांनी स्वतः रंगवले. रंग महाग पडतात म्हणून कपड्यांना घालायची नीळ डिंकाच्या पाण्यात कालवून अक्षरं काढली. वर मोठ्ठा ‘टेक’ आणि खाली त्याचं खटलं, इंग्रजीत आणि मराठीत. एवढा सुंदर तक्ता मी कुठल्या शाळेत बघितला नाही. अर्थात मी शाळाच फार बघितली नाही.

सुट्टीत विद्यार्थी मिळेनात, म्हणून पाठाचा सराव त्या आमच्यावर करायच्या. रोज संध्याकाळी गच्चीवर वर्ग भरायचा. पट दोनाचा, दाजी आणि मी.

“टेक म्हणजे घेणे,” बाई छडी फिरवत सांगायच्या. “एवढंच लक्षात ठेवलं तर फसाल. पण घाबरू नका. आपलं घेणं तरी कुठे सरळ आहे? आपण चहा घेतो, ठीक. पण झोप घेतो, ती कुठे ठेवतो? कानोसा घेतो, माघार घेतो, सोंग घेतो. कोणी टाकून बोललं तर मनावर घेतो. नवरा उशिरा आला तर बायको त्याला फैलावर घेते.”

“हे शेवटचं उदाहरण पाठातून काढा,” दाजी म्हणाले.

“इंग्रजही तसेच. टेक टी, टेक रेस्ट, टेक अ बस.”

“बस कशी घेणार?” मी विचारलं.

“आपण पकडतो, ते घेतात.”

सुट्टीच्या दिवसांत जळगावच्या स्टँडवर बस माणसाला घेते का, एवढाच खरा प्रश्न असतो. पण बाईंचा उत्साह बघून मी तो विचारला नाही.

दाजी ‘टेक’वर खूश होते. पुढे शेपूट बदललं की अर्थ बदलतो, हे कळल्यावर तर त्यांना इंग्रज लोक आपल्याच धंद्यातले वाटायला लागले. टेक ऑफ म्हणजे उडून जाणे. टेक आफ्टर म्हणजे आईबापाच्या वळणावर जाणे. टेक फॉर म्हणजे एकाला भलतंच समजणे. ते येता-जाता वापरायचे. परवाच एका गिऱ्हाइकाला त्यांनी “टेक ऑफ” म्हणून सायकल दिली आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत आली नाही.

तर असा हा तक्ता. शनिवारी संध्याकाळी बाईंनी अक्षरांवर शेवटचा हात फिरवला आणि तो गच्चीवरच्या दोरीवर वाळत टाकला. धूळ बसू नये म्हणून अक्षरं आत आणि कोरी बाजू बाहेर अशी घडी घातली. रविवारी सकाळी उठून बघतात तर दोरीवर नुसते चिमटे.

“पहिली गोष्ट,” दाजींनी आवाज खाली आणला, “कोणाला काही बोलायचं नाही. घरातल्या बायकांना तर मुळीच नाही. बातमी नळावर पोचली की चोर सावध झालाच.”

त्या दिवशी घरातल्या बायकांशी बोलणं तसंही कठीण होतं, कारण आमच्याकडे बिबडे होते. बिबडे म्हणजे ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे, लसूण-तिखट-तीळ घातलेले पापड. मेहरूणला ते पाळीपाळीने होतात. ज्या घरी बिबडे त्या घरी गल्लीतल्या सगळ्या बायका पहाटे अंधारात जमतात आणि ऊन तापायच्या आत गच्चीवर, खाटांवर कापडं अंथरून बिबडे घालून मोकळ्या होतात. माझी बहीण कुंदाबाई, आमची अक्का, पहाटेपासून घाट्याच्या, म्हणजे शिजणाऱ्या पिठाच्या, पातेल्याशी होती. अशा दिवशी पुरुषांनी एक तर घराबाहेर पडायचं, नाही तर काठी घेऊन कावळे हाकायचे. काठी अर्थातच माझ्या वाट्याला आली होती.

दाजींनी गॉगल चढवला. भुसावळ स्टेशनवर घेतलेला हा काळाकुट्ट गॉगल ते तपास संपेपर्यंत उतरवत नाहीत. त्यातून दिवसासुद्धा काही दिसत नाही, पण गुप्तहेराने बघायचं नसतं, दिसायचं असतं, असं त्यांचं मत आहे.

ते गच्चीवर गेले. बिबड्यांच्या खाटांमधून अंग चोरत दोरीपर्यंत पोचले. दोरी हुंगली. एक चिमटा चावून बघितला.

“सोपं आहे,” ते म्हणाले. “अक्षरं ओली होती. म्हणजे चोराच्या अंगाला नीळ लागली. आता सबंध मेहरूणचे हात बघायचे आणि निळा हात पकडायचा.”

कल्पना वाईट नव्हती. दाजींच्या कल्पना सुरुवातीला कधीच वाईट नसतात.

“पण सुरुवात कोणापासून करायची?” मी विचारलं.

“पद्धत बाईंनीच शिकवलीय. टेकचे जेवढे अर्थ, तेवढे संशयित. एकेक अर्थ घ्यायचा आणि माणसाला लावून बघायचा. पहिला टेक अवे. पळवून नेणे. बाईंचा तक्ता पळवून फायदा कोणाचा?”

गल्लीच्या टोकाला रतिलाल सर शिकवण्या घेतात. त्यांनाही दीपनगरच्या त्याच शाळेचं बोलावणं होतं. आम्ही जाऊन कडी वाजवली. सरांनी कोपराने दार उघडलं आणि दोन्ही हात पाठीमागे धरले. दाजींनी मला डोळा मारला. गॉगलमुळे तो मला दिसला नाही, त्यांनी नंतर सांगितला.

“सर, हात दाखवा,” दाजी म्हणाले.

“कशाला?”

“भविष्य बघतो.”

रतिलाल सरांनी आनंदाने दोन्ही हात पुढे केले. ते कोपरापर्यंत पिवळेजर्द होते. घरात कैरीचं लोणचं चाललं होतं. आता भविष्य सांगणं भाग होतं. दाजींनी परदेशगमन सांगितलं, सरांनी केव्हा म्हणून विचारलं, दाजींनी दिवाळीनंतर सांगितलं, आणि मग कुठे मुद्द्यावर यायला वाट मिळाली.

“दीपनगरला इंग्रजीचा पाठ कुठला घेताय?”

“इंग्रजीचा?” सर दचकले. “मी गणिताला जातोय. इंग्रजीच्या वाटेला मी मॅट्रिकनंतर गेलेलो नाही.”

बाहेर आल्यावर दाजी विचारात पडले. “पिवळ्यावर निळा चढला तर हिरवा दिसेल,” ते म्हणाले. “हिरवा नव्हता. माणूस निर्दोष आहे, पण मला आवडला नाही.”

दुसरा अर्थ टेक ऑफ. कापडाने स्वतःच उड्डाण केलं. दाजींनी बोट ओलं करून हवेत धरलं आणि वारा तलावाकडे जातो असं जाहीर केलं. मे महिन्यातल्या त्या सकाळी पान हलत नव्हतं. पण वारा रात्रीचा होता, असं ते म्हणाले, आणि रात्रीच्या वाऱ्याला साक्षीदार नसतो. मेहरूणच्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात पार मागे जातं आणि काठाला चिखल उरतो. त्या चिखलात मी उतरलो. दाजी बाभळीखाली उभे राहून मला दिशा देत होते.

“डावीकडे पांढरं काय आहे?”

“म्हैस आहे, दाजी.”

“म्हैस पांढरी कशी?”

“तिच्या पायाखाली पांढरं आहे.”

“मग तिला उठव.”

जळगावच्या उन्हात चिखलात बसलेली म्हैस उठवणं किती अवघड असतं, हे काठावरच्या माणसाला कळत नाही. अखेर ती उठली. खाली सिमेंटची रिकामी गोणी निघाली. दाजी म्हणाले की शास्त्रात नकारालाही किंमत असते. ती किंमत माझी चप्पल होती, ती चिखलातच राहिली.

परतलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अक्का आणि बाकीच्या बायका खाली भांडी घासत होत्या. मी काठी घेऊन गच्चीवर सावलीच्या पट्टीत बसलो, आणि दाजी कोपऱ्यातल्या खाटेपाशी. अर्धवट वाळलेला बिबडा तेलाचं बोट लावून, गुंडाळी करून खाणं यासारखं सुख खानदेशात दुसरं नाही, आणि ते घरमालकाच्या हक्कात मोडतं. दाजींनी कापडावरून एक सोलला, न बघता गुंडाळला, तोंडात टाकला. मग दुसरा. मग विचारांना गती आली तसा तिसऱ्या-चौथ्याचा हिशोब राहिला नाही.

“मला एक द्या,” मी म्हणालो.

“पहारेकरीच खायला लागला तर कावळ्याने कोणाला घाबरायचं?”

तेवढ्यात सुनंदाबाई खोलीतून बाहेर आल्या. “मला वाटतं, कोणी मुद्दाम नेलाच नसेल,” त्या म्हणाल्या. “टेक फॉर. दुसरंच काही समजून, चुकून.”

दाजींनी तोंडातला घास संपवला आणि सहानुभूतीने मान हलवली. “बाई, चुकून झालेले गुन्हे माझ्याकडे येत नाहीत. ते पोलीस बघतात.”

बाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. रविवार, बाजार बंद, दुसरा मांजरपाट मिळायचा नाही. मिळाला तरी एवढी अक्षरं एका दिवसात व्हायची नाहीत.

“यंदा एप्रिलात पत्र घेऊन शिपाई आला ना,” त्या म्हणाल्या, “त्याला मी चहा केला. त्यालाही वाईट वाटत होतं बिचाऱ्याला. म्हणाला, बाई, जूनमध्ये मीच येतो बोलवायला. या जूनमध्ये तो येईल आणि खोलीला कुलूप असेल.”

मला फार वाईट वाटलं. काठी बाजूला ठेवून काहीतरी चांगलं बोलावं असं मनात आलं. पण तेवढ्यात कावळा आला.

तिसरा अर्थ दाजींना खाता-खाताच सुचला. ते ताडकन उठले. “टेक आफ्टर! भिकन, शेजारच्या भागाबाईची बकरी. तिची आई आठवते?”

आठवत होती. मागच्या निवडणुकीत चौकात लावलेलं प्रचाराचं कापडी बॅनर तिने उमेदवाराच्या नावासकट खाल्लं होतं. उमेदवार पडला आणि त्याचे लोक अजूनही भागाबाईंकडे रागाने बघतात.

“आईने कापड खाल्लं. मुलगी आईच्या वळणावर गेली. शी टेक्स आफ्टर हर मदर. जीभ निळी असणार!”

आम्ही भागाबाईंच्या अंगणात गेलो. मी बकरीची शिंगं धरली आणि दाजींनी जबडा. बकरी तोंड उघडायला तयार नव्हती, आणि उघडल्यावर मिटायला तयार नव्हती, कारण मध्ये दाजींचा रुमाल सापडला होता. तो तिने आमच्या देखत खाल्ला. प्रवृत्ती सिद्ध झाली. पण जीभ चांगली गुलाबी होती.

भागाबाई ओट्यावर आल्या. “लोटनभाऊ, मनी बकरीना तोंडमा काय देखी ऱ्हायनात?”

“जीभ बघतोय.”

“का बरं? तिनी मुलाखत लेवानी शे का?”

दाजींनी माफी मागण्यासाठी चेहऱ्यावर मोठं हसू आणलं. ते हसू बघताच भागाबाई दोन पावलं मागे सरल्या, “माय वो” म्हणाल्या, आणि बकरीला ओढत आत नेऊन त्यांनी दाराला कडी घातली.

“नावाचा दरारा,” दाजी समाधानाने म्हणाले.

संध्याकाळी अक्का बिबडे काढायला गच्चीवर आली. खडखडीत वाळलेले बिबडे कापडाला घट्ट धरून बसतात. मग कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा, की ते सुटतात. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन एकेक खाट उरकत होती. दाजी बाईंना तपासाचा निष्कर्ष सांगत होते. त्यात आता सुरतेची एक कापडचोरांची टोळी आली होती, आणि ती ताप्ती व्हॅलीच्या गाडीने पसार झाली होती.

“पण एक सांगतो बाई,” दाजी म्हणाले, “नीळ लपत नाही. ज्याने तक्ता घेतला, त्याच्या अंगावर ती कुठे ना कुठे दिसणार. फक्त बघणारा डोळा पाहिजे.”

अक्का हबका मारायची थांबली. नवऱ्याच्या तोंडाकडे तिने टक लावून पाहिलं.

“तुमना तोंडले काय व्हयनं?”

“काय झालं?”

“जीभ काढा.”

साक्रीपासून रावेरपर्यंत ज्याच्या नावाने गुन्हेगार थरथरतात, त्याने मुकाट्याने जीभ बाहेर काढली.

“निळी व्हई गई,” अक्का म्हणाली. “दात भी. जशी का दऊत पिई लिधी.”

 मग सुनंदाबाई उठल्या, कोपऱ्यातल्या खाटेशी गेल्या आणि कापडाचं टोक धरून त्यांनी ते उलटं केलं. खालच्या अंगाला टेक होता. होता म्हणजे सकाळपर्यंत होता. ओल्या बिबड्यांनी सगळी नीळ दिवसभरात पिऊन टाकली होती आणि कापडावर एक मोठा निळा ढग उरला होता. अक्षरं बिबड्यांच्या पाठीवर गेली होती. एकावर ‘ऑफ’ स्वच्छ वाचता येत होतं. दाजींनी बहुतेक मुख्य क्रियापदच खाल्लं होतं.

“तुना कापड व्हतं का ते, बाई?” अक्काचा आवाज चिरकला. “मले काय माहीत? पहाटे दोरीवर पांढरं कापड दिसनं, लई लिधं. बिबडासना दिनले कोनी कोनले इचारस का?”

कोणी विचारत नाही, हे खरं होतं. आमच्या गल्लीत ज्या घरी बिबडे, त्या घराची सगळी दोरीवरची कापडं. आमची धोतरजोडी गेल्या आठवड्यापासून गल्लीतल्याच सुगंधाबाईंकडे होती, सुगंधाबाईंचा पडदा इथे मधल्या खाटेवर होता, आणि यातलं काहीही कोणाला चोरी वाटलं नसतं. चोरी म्हणायचीच तर सबंध मेहरूणला बेड्या घालाव्या लागतील.

“मग सकाळीच का नाही सांगितलंस?” दाजी म्हणाले. जीभ आत घ्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं, त्यामुळे वाक्य नीट आलं नाही.

“तुम्ही मले इचारं का?”

तपासाची गुप्तता इतकी चोख पाळली गेली होती की जिला सगळं माहीत होतं, तिलाच तपास चाललाय हे माहीत नव्हतं.

अक्काने बाईंचे हात धरले आणि ती रडायला लागली. बाईच तिची समजूत घालत होत्या. “असू दे अक्का. साक्रीला आमच्याकडेही असंच घेतात. मलाच सुचायला हवं होतं.” कापडाची घडी मात्र त्यांनी छातीशी धरली होती, आणि ती बघून माझी बिबड्यांवरची वासनाच उडाली. दाजींनी गॉगल काढला. “प्रकरण सुटलं,” ते हळूच म्हणाले. 

सोमवारी सकाळी आम्ही तिघं दीपनगरला गेलो. दाजींना अक्काने पाठवलं होतं. रात्रभर तिने त्यांना चिंच आणि राख लावून जीभ घासायला लावली, तरी नीळ पुरती उतरली नव्हती. बसमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यामुळे प्रवास बरा झाला.

शाळेच्या एका वर्गात समितीचे तीन साहेब बसले होते. वसाहतीतली सुट्टीवरची मुलं पाठासाठी गोळा करून आणली होती, आणि सरबत मिळेल या आशेवर ती गप्प बसली होती. आम्हाला मागचा बाक मिळाला. बाईंनी घडी उलगडून कापड फळ्यावर टांगलं. मधोमध निळा ढग आणि त्यात बिबड्यांचे गोल गोल पांढरे ठसे.

“भूगोलाचा पाठ आहे का, बाई?” अध्यक्षांनी विचारलं.

बाई खडू घेऊन कापडाकडेच तोंड करून उभ्या राहिल्या.  एक साहेब घड्याळ बघायला लागले. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात माझ्या शेजारी दाजी उभे राहिले. आता हे सुरतेच्या टोळीचं नाव घेणार म्हणून मी त्यांचा सदरा खाली ओढला. ते बसले नाहीत.

“साहेब, दोष माझा आहे,” ते म्हणाले. “तक्ता माझ्या घरात हरवला, माझ्याच घरात होता, आणि दिवसभर मी त्याच्याजवळ बसून तो खाल्ला. बाई महिनाभर खपल्यात त्याच्यासाठी. त्यांची काही चूक नाही.”

दोष माझा, हे दाजींच्या तोंडून मी आयुष्यात प्रथमच ऐकलं. त्या क्षणी ते मला खरंच सहा फुटांचे वाटले.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग काय झालं कोण जाणे, वळून त्यांनी फळ्याच्या मोकळ्या जागेत भराभर लिहिलं आणि मुलांना वाचून दाखवलं.

“ही टेक्स द ब्लेम. यांनी काय घेतलं?”

“दोष!” दोघं-तिघं म्हणाले.

“पिशवीत घेतला?”

“नाही!”

“मग कसा घेतला? लोटनभाऊ, पुढे या. प्लीज, टेक धिस चेअर.”

दाजींनी खुर्ची उचलली आणि कुठे नेऊ म्हणून विचारलं. वर्ग हसला. आणि बाईंनी रविवारचा अख्खा दिवस मुलांपुढे मांडला, अर्धा इंग्रजीत, अर्धा मराठीत. ही टुक द केस. ही टुक रतिलाल सर फॉर अ थीफ. म्हशीपर्यंत येईतो मुलं बाकावर उभी होती. बकरीपाशी घड्याळवाल्या साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. ही टुक अ बिबडा. ही टुक अनदर. प्रत्येक वाक्याला बाई थांबायच्या आणि मुलांना विचारायच्या, इथे काय घेतलं, कसं घेतलं. मुलं सांगत होती, चुकत होती, एकमेकांना दुरुस्त करत होती.

“अँड नाऊ, शो युवर टंग.”

दाजींनी ती निष्ठेने काढली. त्यानंतर वर्गात बराच वेळ कोणाचं कोणाला ऐकू आलं नाही. दाजी खुर्चीत ताठ बसून सगळ्यांकडे बघून हसत होते. हा सगळा मान आपल्या तपासाचा आहे, अशी त्यांची समजूत झाली होती आणि आजही आहे.

पाठ संपल्यावर समितीने एकमेकांच्या कानात काही सांगितलं. एका साहेबांना बकरीचं पुढे काय झालं ते हवं होतं. अध्यक्ष म्हणाले, “बाई, जूनपासून या. तुम्हाला काही विचारायचंय?”

“एकच, सर,” बाई म्हणाल्या. “एप्रिलात साधारण केव्हा काढता?”

“काय काढतो?”

“मला.”

अध्यक्षांना कळेना. त्यांनी शेजारच्या साहेबांकडे पाहिलं, त्यांनाही कळेना.

“राग नाही, सर,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “आधी कळलं म्हणजे खोलीचं बघता येतं. मी बांधलेलं सामान फारसं सोडतच नाही, त्यामुळे तुम्हाला काही त्रास व्हायचा नाही.”

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाई, आमच्याकडे काढत नाहीत,” ते म्हणाले. “घेतलं म्हणजे घेतलं.”

बाईंनी समजल्यासारखी मान हलवली. मग विचारलं, “मे महिन्यात पण?”

“मे महिन्यात पण.”

बाई पुढच्या बाकाजवळ गेल्या आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन रडायला लागल्या. दाजी पाणी आणायला धावले. मलाही रडू आलं, मी ते लपवलं नाही. बाकावरच्या मुलीने बाईंकडे जरा वेळ बघितलं आणि सरकून त्यांना बसायला जागा करून दिली.